टॅबलेट कपाटात का जातो

प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षं माऊसनेच फोटो एडिट करतोय, बहुतेक काम पोर्ट्रेटचं आणि लग्नाच्या फोटोंचं. सगळे सांगतात म्हणून लहान आकाराचा पेन टॅबलेट घेतला, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून वर पेन फिरवायची सपाट पाटी. दोन दिवस झटापट केली. कर्सर भलतीकडेच पळतो, रेघ तिरकी येते, डबल-क्लिक लागत नाही. शेवटी टॅबलेट कपाटात गेला. ठेवू, विकू, की स्क्रीनवाला (ज्याच्या पाटीवरच फोटो दिसतो तो) घेऊ?

विकू नका, निदान अजून पंधरा दिवस तरी. आणि स्क्रीनवालाही इतक्यात घेऊ नका. मी रिटचिंगच करतो, म्हणजे फोटोतले डाग, सावल्या, केस ब्रशने सुधारायचं काम, आणि त्यातली पहिली काही वर्षं माऊसवर काढली आहेत. माझाही पहिला टॅबलेट महिनाभर खोक्यात पडून होता, त्यामुळे तुमची चिडचिड ओळखीची आहे. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी दोन सेटिंगच्या आहेत आणि एक सवयीची. पण त्याआधी पेनाने नेमकं काय मिळतं ते बघू, कारण ते मिळणार नसेल तर हा खटाटोप करायची गरजच नाही.

माऊस कॉम्प्युटरला दोनच गोष्टी कळवतो: कर्सर कुठे आहे आणि बटण दाबलंय की नाही. पेन तिसरी कळवतो, ती म्हणजे हाताचा जोर. बाकी सगळं गौण आहे. पेनने काम झपाट्याने होतं असं लोक म्हणतात, पण नुसतं क्लिक करत सुटायचं असेल तर माऊसच झपाट्याचा. फरक पडतो तो ब्रश हातात असताना.

एक उदाहरण घ्या. डोळ्यांखालची सावली हलकी करायची आहे. फोटोशॉपमध्ये फोटोवर दोन कर्व्ह्ज लेयर (उजेड कमी-जास्त करणारे थर) केले, एक उजळवणारा, एक गडद करणारा, दोन्हींचे मास्क काळे केले (मास्क पांढरा असेल तिथेच थराचा परिणाम दिसतो) आणि आता पांढऱ्या ब्रशने उजळ लेयरचा मास्क रंगवायचा. माऊसने करताना ओपॅसिटी (रंगाचा गडदपणा) १० टक्क्यांवर ठेवता आणि एक फटकारा मारता. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच १० टक्के. सावली मात्र तशी सारखी नसते. नाकाजवळच्या कोपऱ्यात ती सगळ्यात गडद, गालाकडे येता येता विरत जाते. म्हणून तुम्ही दुसरा फटकारा थोडा आखूड मारता, तिसरा आणखी आखूड, आणि जिथे दोन फटकारे एकमेकांवर चढतात तिथे पुसट कडा राहते. ती दूर करायला ब्लर, मग ब्लरने गेलेला भाग परत आणायला आणखी एक ब्रश. चेहऱ्याला जो प्लास्टिकपणा येतो तो बऱ्याचदा इथून येतो. पेनने तीच गोष्ट करताना कोपऱ्यात निब (पेनचं टोक) थोडी टेकवून दाबायची आणि गालाकडे येताना हात उचलत न्यायचा. एका हालचालीत ती सावली जशी विरते तसाच मास्क विरतो.

दुसरं उदाहरण केसांचं. गालावर आलेली केसांची बट क्लोन करून (शेजारची त्वचा तिच्यावर उमटवून) काढली आणि आता केसांची कड उघडी, कापल्यासारखी दिसतेय. तिथे चार-दोन सुटे केस काढावे लागतात. केस मुळाशी जाड, टोकाला बारीक. माऊसने काढलेला केस तारेसारखा दिसतो, दोन्ही टोकांना सारखा. पेनने मुळाशी दाबून सुरुवात करायची आणि शेवटी निब उडवल्यासारखी उचलायची. सुरुवातीला दहातले सात केस फसतील, कंट्रोल-झेड मारायचं. आठवड्यानंतर दहातले तीन फसतील. माझे आजही फसतात.

जुने लोक हे सगळं हातानेच करत आले आहेत, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. डार्करूममध्ये एनलार्जरच्या उजेडाखाली पुठ्ठ्याचा तुकडा किंवा स्वतःचा हात सतत हलता ठेवून प्रकाश कुठे अडवायचा, कुठे जास्त द्यायचा ते ठरवत. हात थांबला की प्रिंटवर कडा उमटे. डॉज (उजळवणं) आणि बर्न (गडद करणं) ही नावं तिथूनच आली. प्रिंटवरचे धुळीचे ठिपके बारीक ब्रशने टिंब टिंब भरून घालवत, निगेटिव्हवर शिसपेन्सिलने काम करत. मधली काही वर्षं आपण साबणाच्या वडीसारखा माऊस हातात धरून तेच करायचा प्रयत्न केला, एवढंच.

आता जोर मोजला कसा जातो ते दोन ओळींत सांगतो, कारण त्याचा पुढे उपयोग आहे. वॅकॉमच्या पेनमध्ये बॅटरी नसते. टॅबलेटच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते, ती चुंबकीय क्षेत्र तयार करते. पेनमधल्या कॉइलला त्यातूनच ऊर्जा मिळते आणि ती उलट सिग्नल पाठवते. निब दाबली की सिग्नल बदलतो, तो बदल म्हणजे जोर. इतर कंपन्यांचेही बरेच पेन आता याच तत्त्वावर चालतात. पेन टेकला नसतानाही, साधारण एक सेंटीमीटर वर असला तरी कर्सर हलतो तो त्यामुळेच. नवशिक्यांना याचा त्रास होतो, पण कर्सर नुसता हवेत फिरवून जागा हेरायची आणि मगच टेकायचं, हे तंत्र जमलं की त्यासारखं दुसरं सुख नाही.

खोक्यावर ८१९२ प्रेशर लेव्हल (जोराच्या पायऱ्या) असं ठसठशीत छापलेलं असतं. जुन्या टॅबलेटना १०२४ किंवा २०४८ असायच्या आणि त्यांच्यावरही अप्रतिम कामं झाली आहेत. हाताला एवढे बारकावे कळत नाहीत. किती हलक्या स्पर्शाला पेन ओळखायला सुरुवात करतो हे जास्त महत्त्वाचं, आणि ते खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं.

तर, कर्सर भलतीकडे का पळतो? माऊस उचलून दुसरीकडे ठेवला तरी कर्सर जागेवरच असतो. पेनचं तसं नसतं. टॅबलेटचा डावा वरचा कोपरा म्हणजे स्क्रीनचा डावा वरचा कोपरा, मधोमध म्हणजे मधोमध. पेन जिथे टेकवाल तिथे कर्सर उडी मारतो. माऊसची सवय असलेला हात पेन उचलून मागे आणतो आणि पुन्हा पुढे सरकवतो, मग कर्सर इकडून तिकडे नाचतो. यावर काही जण ड्रायव्हरमध्ये (टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पेनला माऊस मोडवर टाकतात, म्हणजे पेन माऊससारखा वागतो. कृपया ते करू नका. त्याने पहिला दिवस सोपा जातो आणि पुढची सगळी वर्षं वाया जातात, कारण हाताला जागेची ओळखच होत नाही.

तुमच्याकडे दोन मॉनिटर असतील तर आधी ते बघा. ड्रायव्हर बऱ्याचदा दोन्ही मॉनिटर मिळून टॅबलेटवर बसवतो. आकडेमोड करून बघा. लहान टॅबलेटची कामाची जागा साधारण १५२ बाय ९५ मिलीमीटर. २५६० पिक्सेल रुंद एकच मॉनिटर त्यावर बसवला तर हाताच्या दर मिलीमीटरला कर्सर १७ पिक्सेल जातो. दोन मॉनिटर बसवले की ३४. पापणीचा केस धरायला जाल आणि कानापाशी पोचाल. मॅपिंगमध्ये जाऊन फक्त एडिटिंगचा मॉनिटर निवडा. माझ्या टॅबलेटच्या एका बटणावर मॉनिटर बदलण्याची सोय आहे, दुसरीकडे जायचं झालं तर तेवढं पुरतं.

आता तिरकी रेघ. याची दोन कारणं असतात आणि दोन्ही एकदमच असू शकतात. पहिलं कारण प्रमाणाचं. टॅबलेट १६:१० आणि मॉनिटर १६:९ असेल तर पूर्ण टॅबलेट पूर्ण स्क्रीनवर ताणला जातो आणि हाताने काढलेला गोल स्क्रीनवर सुमारे ११ टक्के आडवा फुगतो. ४५ अंशांत मारलेली रेघही थोडी झोपते. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवण्याची खूण असते, ती करा. टॅबलेटच्या ९५ मिलीमीटर उंचीपैकी साडेनऊ मिलीमीटरची पट्टी निकामी होईल, होऊ द्या. दुसरं कारण टॅबलेट कसा ठेवलाय ते. समोर कीबोर्ड आणि टॅबलेट उजवीकडे, माऊसपॅडच्या जागी, असं जवळजवळ प्रत्येकजण ठेवतो. मग कोपर बाहेर जातं, हात कोनात येतो आणि हाताला आडवी वाटणारी रेघ स्क्रीनवर चढ चढते. टॅबलेट मॉनिटरच्या बरोबर समोर घ्या, कीबोर्ड डावीकडे सरकवा. डावखुरे असाल तर उलट. टॅबलेटची कड मॉनिटरच्या कडेला समांतर ठेवून दहा आडव्या रेघा मारा. सगळ्या एकाच बाजूला चढत असतील तर हाताला शिकवत बसू नका, टॅबलेटच किंचित फिरवा.

डबल-क्लिकची तक्रार सवयीची आहे. एकाच बिंदूवर दोनदा टोचणं निबला जमत नाही, दुसरी टोच थोडी सरकते आणि कॉम्प्युटर ते ओढणं समजतो. ड्रायव्हरमध्ये डबल-क्लिकचं अंतर वाढवता येतं, पण त्याहून चांगलं म्हणजे पेनच्या बाजूच्या एका बटणावरच डबल-क्लिक टाकून द्यायचं. दुसऱ्या बटणावर मी ऑल्ट टाकलाय. क्लोन स्टॅम्प आणि हीलिंग ब्रश या डाग झाकायच्या साधनांना नमुना उचलायला सारखं ऑल्ट-क्लिक लागतं. ते अंगठ्याखाली आलं की एका हाताने चेहरा साफ करता येतो आणि दुसरा हात मोकळा राहतो, चहाला म्हणा.

विन्डोजवर एक छळ आणखी आहे. पेन टेकवून क्षणभर थांबलात की टोकाभोवती एक वर्तुळ उमटतं आणि रेघेची सुरुवात अडखळते. हे विन्डोजचं दाबून धरल्यावर राइट-क्लिक करण्याचं वैशिष्ट्य, रिटचिंग करणाऱ्याला शापच. विन्डोजच्या पेनच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. ते करताना लोक टॅबलेटच्या ड्रायव्हरमधली विन्डोज इंकची (विन्डोजची पेन ओळखायची पद्धत) खूणही काढून टाकतात आणि मग फोटोशॉपमध्ये जोरच लागत नाही. घोळ असा की फोटोशॉप पेनचा जोर विन्डोज इंककडून घेतं, जोवर आपण त्याला जुन्या विनटॅब पद्धतीने घ्यायला सांगत नाही. दोन्हीकडे एकच भाषा हवी. कुठली ते मशीन आणि ड्रायव्हर बघून ठरवा, पण एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरी ठेवू नका. मॅकवर हा प्रश्न नाही, तिथे परवानग्यांचा आहे. ड्रायव्हरला अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि इनपुट मॉनिटरिंग अशा दोन्ही परवानग्या दिल्याशिवाय पेन अर्धवट चालतो: कर्सर हलतो, क्लिक होत नाही, असलं काहीतरी. पूर्वी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट वापरला असेल तर त्याचा ड्रायव्हर आधी पूर्ण काढा. दोन ड्रायव्हर एका मशीनवर सुखाने नांदत नाहीत. मी एकदा अख्खी दुपार याच्यात घालवली आहे आणि दोष टॅबलेटला देत बसलो होतो.

फोटोशॉपमधलं ब्रशचं सेटिंग सगळ्यात जास्त वेळ देण्यासारखं आहे. जोर दोन गोष्टींना जोडता येतो: ब्रशच्या आकाराला आणि रंगाच्या गडदपणाला. वरच्या पट्टीत दोन छोटी बटणं असतात, एक आकारासाठी, एक ओपॅसिटीसाठी. बारकावे हवे असतील तर एफ५ दाबून ब्रश सेटिंग उघडा. नवीन माणूस दोन्ही चालू करतो आणि मग हलक्या हाताने ब्रश बारीकही होतो आणि पुसटही, काय चाललंय तेच कळत नाही. माझा नियम साधा आहे. डॉज-बर्न आणि मास्कसाठी आकार स्थिर, जोर फक्त गडदपणाला. केस, पापण्या, भुवयांसाठी जोर आकाराला, गडदपणा जवळजवळ स्थिर. हीलिंग ब्रशला दोन्ही नकोत. त्याच्या ब्रशच्या खिडकीत तळाशी आकारासमोर पेन प्रेशर निवडलेलं असेल तर ते बंद करा, नाहीतर डाग झाकण्याएवढा ब्रश घेतला तरी तो टिंबाएवढा उमटतो आणि डागाच्या मधोमध वेगळाच ठिपका बसतो.

ओपॅसिटी आणि फ्लो यांतला फरक माऊसवर असताना जाणवत नाही, पेनवर जाणवतो. ओपॅसिटी म्हणजे एका फटकाऱ्यात रंग कुठवर चढू शकेल त्याची कमाल मर्यादा. पेन न उचलता तुम्ही तिथेच कितीही घासा, त्यावर जाणार नाही. फ्लो म्हणजे ब्रशच्या प्रत्येक ठशात किती रंग पडतो, आणि तो ठशावर ठसा साचत जातो. डॉज-बर्नला मी ओपॅसिटी १००, फ्लो ५ ते १० टक्के ठेवतो, ब्रश मऊ, आणि जोर ब्रश सेटिंगमधल्या ट्रान्सफर या भागातून फ्लोला जोडतो. मग भिंतीला हलक्या हाताने पुट्टी लावावी तसं काम होतं, साचवत साचवत. माऊसच्या सवयीने ओपॅसिटी १० आणि फ्लो १०० ठेवून पेन वापरलात, तर पेन विकत घेतल्याचा निम्मा फायदा गेला.

हात दुखतो अशीही तक्रार येते, आणि गंमत म्हणजे मनगट दुखतं म्हणून टॅबलेट घेणाऱ्यांकडूनच. माऊसवर पंजा पालथा पडतो, पेन धरताना तो कडेवर टेकतो, त्यामुळे मनगटाचा पीळ कमी होतो हे खरं. पण जोर लागत नाही म्हणून माणूस पेन आवळून धरतो आणि अंगठ्याच्या मुळाशी नवीन दुखणं सुरू होतं. ड्रायव्हरमध्ये निबचा जोर मऊकडे सरकवा. हलक्या स्पर्शाला गडदपणाचा अर्धा पल्ला मिळाला पाहिजे. मुंग्या येत असतील किंवा बोटं बधिर होत असतील तर मात्र पेन बदलून भागायचं नाही, डॉक्टरकडे जा.

पेनने काय करू नये तेही सांगतो. स्लायडर ओढणं पेनने वैताग आणतं: नेमका आकडा येतो आणि पेन उचलताना एक-दोनने सरकतो. आकडा टाइप करा किंवा माऊस घ्या. बाटली, घड्याळ, बूट अशा वस्तूंच्या कडा फोटोशॉपच्या पेन टूलने (बिंदू बसवत कड आखायचं साधन) कापताना मी आजही माऊसच धरतो. तिथे जोराचं काही काम नसतं, बिंदू जागेवर बसला पाहिजे एवढंच. नाव जरी पेन टूल असलं तरी. फोटो निवडणं, क्रॉप, अक्षरं, यालाही माऊस. तुमचं काम मुख्यतः रंग आणि उजेडाचं असतं, सगळं स्लायडरवर, तर मी टॅबलेट विका म्हणालो असतो. तुम्ही पोर्ट्रेट करता, त्वचा आणि केस रोजचे, म्हणून ठेवा म्हणतोय.

स्क्रीनवाला नको म्हणालो त्याचं कारण असं. चित्र काढणाऱ्यांना तो सोयीचा, रेघ पेनखालीच उमटते. फोटो एडिटिंगमध्ये मात्र आपल्याला सगळा चेहरा एकदम दिसावा लागतो आणि तिथे आपलाच हात निम्मा फोटो झाकतो. मान दिवसभर खाली राहते. शिवाय रंगाच्या भरवशाचा आणखी एक स्क्रीन कॅलिब्रेट करत बसायचं. साध्या टॅबलेटवर हात खाली, नजर समोरच्या चांगल्या मॉनिटरवर. हात न बघता काम करणं विचित्र वाटतं, पण टायपिंग करताना तरी आपण बोटांकडे कुठे बघतो? आकार वाढवायचाच असेल तर पुढेमागे मध्यम घ्या, साधारण २१६ बाय १३५ मिलीमीटर जागेचा. त्याच मॉनिटरवर तो मिलीमीटरला १२ पिक्सेल देतो. मोठ्याला अख्खा हात खांद्यापासून फिरवावा लागतो, रिटचिंगला तेवढी गरज नाही.

आता पंधरा दिवस काय करायचं. पहिला आठवडा माऊस खणात ठेवा, मेल उघडणं, फोल्डर शोधणंसुद्धा पेननेच. कशाला माऊस धरायचा ते मघाशी सांगितलं, ते आठव्या दिवसापासून लागू. काम अडलं असेल तर तेवढ्यापुरता माऊस बाहेर, पण संध्याकाळी परत खणात. रोज काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं कोऱ्या कॅनव्हासवर: वीस-पंचवीस टिंबं विखरून काढा आणि ती पेनने एकेक गाठून जोडा, मग एकेक लांब पट्टा काढा, डावीकडे पुसट, उजवीकडे गडद, मध्ये पायरी न येता. नवीन माणसाच्या पट्ट्यात हमखास मध्ये एक धक्का दिसतो, जिथे तो घाबरून एकदम दाबतो. तो धक्का ज्या दिवशी जाईल त्या दिवशी चेहऱ्यावर हात घाला. डावा हात कीबोर्डवरून हलवू नका: चौकटी कंसांनी ब्रश लहान-मोठा, एक्सने काळा-पांढरा अदलाबदल, आरने कॅनव्हास फिरवणं. हे शेवटचं पेनसाठी सोनं आहे. जबड्याची रेघ उलट्या बाजूने येत असेल तर मनगट कशाला वाकवायचं, फोटोच फिरवा.

आणि कपाटातून काढल्यावर निबचं टोक बघा. घासून एका बाजूला तिरकं, धारदार झालं असेल तर आधी ते बदला, टॅबलेटवर ओरखडे त्यानेच पडतात. पृष्ठभाग घसरडा वाटत असेल तर त्यावर एक साधा कोरा कागद चिकटपट्टीने लावून बघा. मघाची तारांची जाळी कागदाआडूनही पेनला ओळखते. कागदावर निब जरा लवकर झिजते, म्हणून दोन-चार सुट्या निब जवळ असू द्या.